घुंगुरमाळ

मराठीत ‘नाचणे’ या क्रियापदाच्या वाट्याला जेवढी अवहेलना आली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या क्रियापदाच्या वाट्याला आली असेल. मुलगी जरा बोलू लागली की ती डोक्यावर नाचते. नवरा बायकोच्या तालावर नाचतो, उधळ्या माणूस बापाच्या पैशावर नाचतो, आणि ज्याला काहीच जमत नाही त्याचे अंगण वाकडे असते. म्हणूनच की काय, चांगल्या घरच्या मुली पायांत घुंगरू बांधू लागल्या तेव्हा आपण त्यांच्यासाठी एक नवा, परीटघडीचा शब्द काढला: नृत्य. जत्रेतली बाई नाचते आणि आपली मुलगी नृत्य करते! शब्दांची ही सोवळी-ओवळी मी शाळेत तीस वर्षे मराठी शिकवताना पुष्कळ पाहिली. पण या एका शब्दाने आमच्या घरात जेवढा गोंधळ घातला, तेवढा दुसऱ्या कशाने घातला नाही.

मी स्वतः कधी नाचले नाही, हे आधीच सांगून टाकते. लग्नाच्या वरातीतसुद्धा नाही. यवतमाळसारख्या गावात राहून मोठ्या नर्तकांचे कार्यक्रम पाहण्याचे भाग्यही फारसे लाभले नाही. नृत्याशी माझा जो काही परिचय आहे तो कागदावरचा. तरीही दोन नर्तकी माझ्या आयुष्यात अशा येऊन बसल्या आहेत की त्यांना मी घरातल्याच समजते. एक सॅन फ्रान्सिस्कोची इझाडोरा डंकन आणि दुसऱ्या पुण्याच्या रोहिणी भाटे. पहिली मी जन्मण्यापूर्वीच गेली. दुसऱ्यांना मी कधी प्रत्यक्ष पाहिले नाही. आणि पहिलीची ओळख दुसऱ्यांनीच, आपल्या मराठीतून करून दिली.

पण त्या दोघींच्या आधी आमची अक्का.

आमचे बालपण दारव्ह्याचे. वडील जिनिंगमध्ये दिवाणजी, शिवाय थोडी कोरडवाहू शेती आणि एक बैलजोडी. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी, लोक जिला प्रेमाने शकुंतला म्हणतात ती, आमच्या गावावरून जायची. चालत्या गाडीतून उतरून, बोरे वेचून पुन्हा गाडीत चढता येते, असे तिच्याबद्दल सांगत. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते; आता ती धावतच नाही. त्या गाडीने कापसाच्या गाठी बाहेर जायच्या आणि बाहेरचे जग थोडे थोडे आत यायचे. तसाच एके वर्षी टूरिंग टॉकीजचा तंबू आला आणि त्यात ‘झनक झनक पायल बाजे’ लागला. शांतारामबापूंचा तो रंगीत चित्रपट १९५५ चा. आमच्याकडे पोचेपर्यंत त्याला दोन वर्षे लोटली होती. मी सात वर्षांची, अक्का तेरा. मला त्यातले रंग तेवढे आठवतात. अक्काने मात्र गोपीकृष्णांचे पाय घरी आणले.

पोळा होऊन गेला होता. बैलांच्या घुंगुरमाळा गोठ्यातल्या खुंटीला टांगलेल्या. एका दुपारी मी काही आणायला गोठ्यात गेले, तर अक्काने त्या माळा घोट्यांभोवती गुंडाळून सुतळीने करकचून बांधल्या होत्या आणि ओल्या शेणाच्या जमिनीवर ती पाय आपटीत होती. आवाज कसला म्हणता! पितळेची चांगली बोराएवढी घुंगरे ती. बैलाने मान हलवली की शिवारभर ऐकू जावे म्हणून घडवलेली. अक्काच्या घोट्यांवरची कातडी सोलून निघाली होती आणि तिला त्याचे भान नव्हते. दोन्ही बैल रवंथ थांबवून तिच्याकडे पाहत होते. आमच्या गावातले तिचे प्रेक्षक काय ते तेवढेच: दोन बैल आणि मी.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी ऐकले. ते मारणारे नव्हते, रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी खाली बसून स्वतःच्या हाताने सुतळीच्या गाठी सोडल्या, घोट्यांना खोबरेल लावले, माळा खुंटीला अडकवल्या आणि म्हणाले, “हे बैलाचं आहे, बाई.” एवढेच. पुढे सतरावे लागता लागता अक्काचे लग्न उमरखेडला करून दिले. घर चांगले मिळाले, माणसे चांगली मिळाली. वडिलांना मी आजही दोष देऊ शकत नाही. त्या काळात दारव्ह्याला मुलीला नृत्य शिकवायचे म्हणजे कुठे आणि कुणाकडे शिकवायचे? जत्रेत फड येई. त्यातल्या बाया मला फार सुंदर वाटत. त्यांच्याकडे गावातले पुरुष रात्री जात आणि दिवसा नाक मुरडत. त्या कलावंतिणींच्या लावणीवर आपल्या नाट्यसंगीताने आणि सिनेमाने किती उचल केली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. मांडला तर आपल्याच अंगावर येईल.

गंमत अशी की आमच्याच जिल्ह्यात दुसरे एक जग नाचण्याचे कुणालाही उत्तर देत नव्हते. पुढे मी पांढरकवड्याला काही वर्षे नोकरीला होते. त्या बाजूला, झरी-जामणीकडे, घाटंजीकडे, गोंडांची गावे आणि कोलामांचे पोड. दिवाळी आली की तिकडे दंडारीचे दिवस. ढोल घुमू लागला की म्हातारा म्हणू नका, पोरगा म्हणू नका, फेरात शिरायचाच. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला मोरपिसांचे भलेमोठे टोप घालून गोंडांचे घुसाडी नाचतात. त्या नाचाचे गुरू, मार्लवाईचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला माझ्या वर्गातल्या गोंड मुलांची आठवण झाली. दिवाळीच्या सुटीनंतर ती मुले आठ-आठ दिवस उशिरा यायची आणि कारण विचारले की सरळ सांगायची, “नाचाले गेलो होतो, बाई.” त्यांच्या आवाजात ‘नृत्य’ नव्हते आणि लाजही नव्हती. आम्ही पांढरपेशे लोक फराळाच्या ताटावर बसून त्यांना मागासलेले म्हणायचो!

इझाडोरा डंकन माझ्या हाती आली तेव्हा माझी चाळिशी उलटत आली होती. वाचनालयातले ते पुस्तक कुणीतरी परत करताना टेबलावर ठेवले होते. एका अमेरिकन नर्तकीचे आत्मचरित्र आणि अनुवाद रोहिणी भाटे यांचा, एवढे पाहून मी ते उचलले. रात्री स्वयंपाकघर आवरून वाचायला बसले ते पहाटेचे पाणी येईपर्यंत.

तिचा जन्म १८७७ चा. आई पियानोच्या शिकवण्या करून चार मुलांना वाढवणारी, बाप घर सोडून गेलेला. घरात पैसा नाही आणि कुणाचा धाकही नाही. तिने पाहिले की युरोपात प्रतिष्ठा पावलेल्या बॅले नृत्यात बाई चवड्यावर उभी राहते, कमरेला कॉर्सेट आवळते, आणि जमिनीशी आपले नातेच नाही असे दाखवते. तिने बूट काढले, कॉर्सेट टाकला, ग्रीक मूर्तीसारखे सैल वस्त्र अंगावर घेतले आणि अनवाणी नाचू लागली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भावाबरोबर बसून ती जुन्या ग्रीक कलशांवरच्या आकृती तासन्‌तास पाहत असे. बाईच्या शरीराची हालचाल समुद्राच्या लाटेसारखी आतून उठली पाहिजे, छातीच्या गाभ्यातून, असे तिचे म्हणणे. शोपँच्या, ग्लुकच्या, बीथोवनच्या संगीतावर ती नाचली. नाचासाठी न लिहिलेल्या संगीतावर नाचणे हे त्या वेळी पाखंडच होते.

लग्नसंस्था तिने मानली नाही. दोन मुले झाली, दोन वेगळ्या पुरुषांपासून. १९१३ च्या एप्रिलात पॅरिसमध्ये मुलांची मोटार सीन नदीत घसरली आणि दोन्ही मुले दाईसह बुडाली. ती पाने मी वाचली तेव्हा माझा श्रीकांत शेजारी झोपला होता. मी उठून त्याच्या अंगावर पांघरूण घातले आणि मग पुढचे पान उलटले. १९२१ मध्ये ती शाळा काढायला मॉस्कोला गेली. सेर्गेई येसेनिन नावाच्या, तिच्याहून बऱ्याच लहान असलेल्या कवीशी तिने लग्न केले आणि तेही टिकले नाही. १९२७ च्या सप्टेंबरात नीस शहरी उघड्या मोटारीच्या चाकात गळ्यातली लांब ओढणी गुंतली आणि ती तत्काळ गेली. वय पन्नास. आत्मचरित्र छापून आले ते त्यानंतर.

आता गोष्ट अशी, की एवढे मोठे नाव, पण तिचा नाच कुठे आहे? काही सेकंदांची एक धूसर चित्रफीत तिची म्हणून दाखवतात, बाकी छायाचित्रे आणि रेखाटने. गाणाऱ्याची तबकडी राहते, लिहिणाऱ्याचे पुस्तक राहते. नाचणारा थांबला की नाच संपला. पण इझाडोराने सहा मुलींना आपल्या नावासह वाढवले होते. त्यांनी पुढच्या मुलींना शिकवले, त्यांनी आणखी पुढच्यांना. तिचा नाच आज नाचला जातो तो त्या शरीरांच्या साखळीतून. नाचाला दुसरी तिजोरी नाही.

हे मला त्या पुस्तकाने शिकवले, आणि मग मनात आले की हे मराठीत आणावेसे वाटले त्या रोहिणीताई कोण? कथकच्या घराण्यात बसलेल्या बाईला, ताल आणि परंपरा या दोन काठांमधून वाहणाऱ्या कलेच्या साधिकेला, त्या अनवाणी बंडखोर बाईत काय दिसले असेल?

मी शोधून शोधून वाचू लागले. ‘माझी नृत्यसाधना’ हे त्यांचे आत्मकथनही मिळवले. त्यांचा जन्म १९२४ चा, पाटण्याचा. पण वाढल्या पुण्यात. १९४६ मध्ये फर्ग्युसनमधून पदवी. आधी पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम्, मग सोहनलालजींकडे जयपूरच्या वळणाचे कथक. आणि १९४७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आतबाहेर, त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ काढली. त्या वर्षी देशात एवढे काही घडत होते की पुण्याच्या एका मध्यमवर्गीय मुलीने कथकचा वर्ग उघडला ही बातमी कुणाच्या लक्षात राहायची? पण माझ्या मते आमच्यासारख्या घरांच्या दृष्टीने तीही एक स्वातंत्र्याचीच बातमी होती. आमच्या अक्कानेच जर ती वेळेवर ऐकली असती! पण पुणे दारव्ह्यापासून फार लांब होते, आणि शकुंतला मूर्तिजापूरच्या पुढे जात नव्हती.

शाळा काढून त्या गुरू होऊन बसल्या नाहीत, हे मला सर्वांत आवडते. पुढची बारा-तेरा वर्षे त्या लखनौ घराण्याचे लच्छू महाराज आणि पंडित मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकतच राहिल्या. हे लच्छू महाराज म्हणजे ज्यांनी ‘मुघल-ए-आझम’मधली नृत्ये बसवली ते. गाणे त्या केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे शिकल्या. वसंतराव जन्माने मूर्तिजापूरचे, म्हणजे आमच्याच रुळांच्या दुसऱ्या टोकाचे! हे वाचले तेव्हा मला उगाचच वाटले की या शिकवणीत आमच्या वऱ्हाडाचाही चिमूटभर वाटा आहे. १९५२ मध्ये भारतातून चीनला सांस्कृतिक मंडळ गेले, त्यात त्या होत्या.

आणि त्यांनी केले काय? परंपरा मोडली नाही, सोडलीही नाही. तिला प्रश्न विचारले. कथक म्हणजे मूळचा कथा सांगणाऱ्यांचा नाच. मंदिरातून दरबारात गेला, दरबारातून कोठ्यावर, आणि शेवटी सिनेमात. चक्कर, टाळ्या, तबलजीशी झुंज, यांनाच लोक कथक समजू लागले होते. त्रितालाच्या सोळा मात्रांत पाय कितीही गुंतले तरी समेवर नेमके यायचे, हा त्यातला थरार आहेच. पण समेवर येण्याआधी त्या सोळा मात्रांत माणसाच्या मनात काय चालले आहे, तेही दिसले पाहिजे. रोहिणीताई त्या ‘काय’च्या मागे लागल्या. संस्कृत काव्य घेतले, वेदातले उषेचे सूक्त घेतले, स्वतः रचना केल्या. एकेका हालचालीला विचार जोडला आणि त्या विचाराला मराठी शब्द दिला. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथकचा अभ्यासक्रम उभा राहिला त्यामागे त्यांचे डोके. पाय चालवणारे पुष्कळ असतात. पाय का चाललेत हे लिहून ठेवणारी नर्तकी मराठीत किती आहेत, मोजा बरे! इझाडोरा आणि त्या इथे भेटल्या असाव्यात असे मला वाटते. एकीने नियम फेकून दिले, दुसरीने नियम शोधून काढले. पण दोघींनाही बाईचे नाचणारे शरीर हे विचार करणारे शरीर आहे, हे ठाऊक होते.

त्या एकट्या नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्याआधी मादाम मेनका होत्या. नाव लीला, बंगाली बाप आणि इंग्रज आई यांची मुलगी. हाफकिन संस्थेचे पुढे संचालक झालेले डॉ. सोखी यांची पत्नी. आना पाव्हलोव्हाने त्यांना उत्तेजन दिले. त्यांनी कथकमधून समूहाची नृत्यनाट्ये उभी केली, १९३६ ते ३८ युरोपभर फिरल्या आणि खंडाळ्याच्या घाटात ‘नृत्यालयम्’ ही शाळा काढली. त्यांच्याबरोबर दहा वर्षांची एक मुंबईकर मराठी मुलगी युरोपात नाचली, ती दमयंती जोशी. पुढे मोठी नर्तकी झाली, १९७० मध्ये पद्मश्री झाली. मेनका १९४७ च्या मे महिन्यात गेल्या, त्याच वर्षी पुण्यात नृत्यभारती सुरू झाली. योगायोगाला मी फार किंमत देत नाही. पण हा मनात राहिला आहे.

रोहिणीताईंना १९७९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २००६ मध्ये अकादमीचे सदस्यत्व म्हणजे रत्नपद मिळाले. १० ऑक्टोबर २००८ रोजी त्या गेल्या. यवतमाळला मी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि कपाटातले ते पुस्तक काढून बराच वेळ नुसते हातात धरून बसले.

वाचनालयाची प्रत परत केल्यावर मी स्वतःसाठी एक विकत मागवली होती. तीच घेऊन आर्णी, महागाव करीत एस.टी.ने उमरखेडला अक्काकडे गेले होते. हे नव्वदीच्या दशकातले. अक्काच्या घरी तेव्हा दोन सुना, चार नातवंडे, दारात म्हैस. तिने पुस्तक पदराखाली घेतले, जणू चोरीचा माल! आठ दिवसांनी पोस्टाने परत पाठवले आणि आत चिठ्ठी: “पोरं बुडाली तिथपर्यंत वाचलं. पुढं वाचवत नाही. पण एक सांग, ही बाई अनवाणी नाचली म्हणून जगानं डोक्यावर घेतली. आपण तर जन्माच्या अनवाणीच होतो की!” मी हसले, आणि मग हसू आवरले. तेव्हापासून इतक्या वर्षांत आम्ही दोघी या विषयावर बोललो नव्हतो.

ते बोलणे यंदा निघाले, माझ्या नातीमुळे.

मनू सहा वर्षांची असल्यापासून यवतमाळला कथक शिकते. तिच्या बाई नागपुरात शिकल्या, आणि त्यांच्या बाई पुण्याला, रोहिणीताईंच्या एका शिष्येकडे. म्हणजे साखळीची कडी आमच्या माडीपर्यंत येऊन पोचली होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. बारा वर्षे आमच्या घराचे छत पहाटे साडेपाचला ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ म्हणत आले आहे. श्रीकांतला, म्हणजे माझ्या मुलाला, त्याचे कौतुकच होते. पाहुणे आले की तोच म्हणायचा, “मनू, तो तोडा दाखव ना.” पण यंदा बारावी झाली, आणि मनूने सांगितले की तिला पुण्याला ललित कला केंद्रात जायचे आहे, कथकच घेऊन, पदवीसाठी. तेव्हा ते कौतुक एका रात्रीत संपले.

“छंद म्हणून कर ना! नाही कोण म्हणून राहिलं? पण तेच शिकून पुढे करणार काय ती? शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाच बसवणार?” श्रीकांत माझ्याकडे पाहून म्हणाला. वाईट माणूस नाही तो. कापसाचे भाव पडले की ज्या घरात जेवण होत नाही अशी घरे त्याने जवळून पाहिली आहेत. पोरीच्या पायाखाली पक्की जमीन असावी एवढेच त्याला हवे. आपला मुलगा एखादे चांगले वाक्य बोलतो तेव्हा त्याच्या आजोबांचा आवाज त्यातून कसा निघतो, ते त्या दिवशी मला कळले. शब्द निराळे होते. पण “हे बैलाचं आहे, बाई,” हेच तो म्हणत होता.

मी त्याला त्या वेळी काही बोलले नाही. फोन करून अक्काला बोलावून घेतले.

अक्का आता एक्क्याऐंशीची. गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. नातवाच्या गाडीतून आली आणि दिवाणावर बसली. चहा झाला, पोह्यांची बशी झाली, उमरखेडच्या हळदीचा भाव झाला. मग म्हणाली, “मनू, काय शिकलीस ते दाखव बरं.” मनूने घुंगरू बांधले. एकेका पायाला शंभरावर घुंगरू, जाड दोरीत ओवलेले. ती विलंबित लयीत उभी राहिली. कथकमध्ये त्याला ठाट म्हणतात; काही न करता नुसते उभे राहायचे, फक्त मनगट, मान आणि भुवई. मला त्यातले फारसे कळत नाही, पण त्या उभे राहण्यात खोलीतले पंखे, रस्त्यावरचे हॉर्न सगळे मागे सरले. मग तत्कार, मग तोडे, मग एक गत. अक्का डोळे मिटून ऐकत होती. मी तिच्या पायांकडे पाहिले. पायाची बोटे चादरीवर हलत होती, आणि समेला नेमकी टेकत होती. सोळाव्या मात्रेनंतर पहिलीवर, चुकता न चुकता. कुणी शिकवले नव्हते तिला.

मनू थांबली तेव्हा अक्का म्हणाली, “ते इकडे आण.” घुंगरांची ती जुडी तिने मांडीवर घेतली, हाताने वजन पाहिले आणि श्रीकांतकडे वळून म्हणाली, “बैलाचे याच्याहून जड होते रे.”

श्रीकांतला गोठ्याची ती गोष्ट ठाऊक नव्हती. घरात कुणालाच ठाऊक नव्हती. अक्काने ती सांगितली. रडत नाही, हसत हसत, बैलांची नावे घेऊन. शेवटी लुगड्याचा काठ वर करून घोट्याजवळचा एक पांढुरका डाग दाखवला. “खोबरेल लावलं होतं बाबांनी,” ती म्हणाली. “चांगले होते बाबा. तू पण चांगला आहेस.”

त्यावर कुणी भाषण केले नाही. श्रीकांत उठून बाहेर गेला, स्कूटर काढली आणि तासाभराने परत आला तो अक्कासाठी जिलबी घेऊन. रात्री त्याने मनूला विचारले, “त्या परीक्षेचं काय असते? फॉर्म कधी निघते?” आणि नंतर होस्टेलच्या खर्चावरून दोघांचे पुन्हा चांगलेच वाजले. ते वाजणे अजून संपलेले नाही, आणि पैशाचा प्रश्न खरा आहे. तो जिलबीने सुटत नाही. मनूची प्रवेशचाचणी झाली, निवड झाली. जूनमध्ये बापलेक रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेले. खिडकीशी घुंगरांची पिशवी मांडीवर घेऊन मनू बसली होती. ती खाली सामानात ठेवायला तयार नव्हती. श्रीकांत परत आल्यापासून पहाटे साडेपाचला उठून बसतो. घर फार शांत झाले आहे, असे तो म्हणत नाही, पण रेडिओ मोठा लावतो.

अक्का उमरखेडला परत गेली आणि चार दिवसांनी तिचा फोन आला. “ते पुस्तक आहे का गं अजून? त्या अनवाणीचं?” म्हटले, आहे. “मले आता दिसत नाही. तू वाचून दाखव. पोरं बुडाली तिथून पुढं.”

तेव्हापासून रोज रात्री साडेआठला, जेवणे झाली की, मी फोनवर दहा-दहा पाने वाचते. कधी मध्येच ती “थांब, म्हशीले पाहून येते” म्हणते. म्हैस आता नाही, पण सवय आहे. बुडालेल्या मुलांची ती पाने आम्ही दोघींनी मिळून पार केली. महायुद्ध झाले, अमेरिकेचे दौरे झाले, कर्जे झाली. काल आम्ही १९२१ पर्यंत येऊन पोचलो. इझाडोरा सगळे मागे टाकून मॉस्कोला निघते, आणि तिचे आत्मचरित्र तिथेच संपते. येसेनिन त्यात नाही. नीस नाही, ओढणी नाही. ते लिहायला ती राहिली नव्हती.

मी पुस्तक मिटल्याचा आवाज अक्काने ऐकला असावा.

“मग?” ती म्हणाली. “पुढं काय झालं तिचं? शाळा काढली का तिनं?”

“काढली,” मी म्हटले. “पुष्कळ मुली आल्या.”

“बरं झालं,” अक्का म्हणाली. “बाकीचं उद्या सांग.”